कंदाहारी दही, मुक्काम पोशीर

भावोजी, तेराव्याच्या पंगतीत तुमचं एवढं कौतुक झालं की मी वाढता वाढता थांबले. हे कोणाबद्दल चाललंय, असं मला वाटलं. एक जण म्हणाला, जमादारांच्या तोंडून कधी वावगा शब्द ऐकला नाही. दुसरा म्हणाला, पानात पडेल ते गोड मानून घेणारा माणूस होता. सतरा वर्षं रोज दोन वेळा मी तुम्हाला पान वाढलं. तुम्ही गोड मानून घेतलेली एक गोष्ट मला आठवत नाही, आणि खीरसुद्धा मी त्यात धरलेली आहे.

मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत, म्हणून मी त्यांच्यादेखत गप्प बसले. तुमच्यापाशी मात्र बोलते. तुम्हाला तोंडावर नावं ठेवायची मला सवय आहे आणि ती इतक्यात मोडायची नाही.

मी या घरात नांदायला आले तेव्हा तुम्ही हबसाणात, हबशांच्या मुलखात होतात, फौजेच्या खेचरांवर. तुमचा चेहरा पाहायच्या आधी तेरा वर्षं मी तुमची पत्रं ऐकली. सासूबाई दर पत्रात एकच गोष्ट विचारायला लावायच्या, तिकडे दूधदुभतं मिळतं का? लढाई कशी चालली आहे, साहेब मारतो की सांभाळतो, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आणि तुम्हीही असे सरळ की विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. त्यामुळे देशोदेशीच्या लढायांतून या घराला काय कळलं, तर तिथलं दही कसं असतं.

हबसाणात म्हणे वाळलेल्या भोपळ्याचं भांडं करतात, त्याला आतून लाकडाची धुरी देतात आणि मग त्यात दूध ठेवतात, म्हणून दह्याला धुराचा वास येतो. ते ऐकून सासूबाई म्हणाल्या, करपलेलं दूध खातात मेले. एडनहून तुम्ही लिहिलंत की उंटिणीचं दूध कितीही ठेवलं तरी धड लागत नाही, शेळीचं लागतं पण पळपळीत. अरब लोक त्यात भाकरी कुस्करून वर हिरवी मिरची नि कोथिंबीर वाटून घालतात. कलकत्त्याला दूध लालसर होईस्तोवर आटवतात, साखर घालतात आणि मडक्यातच लावतात. मडकं पालथं केलं तरी दही हलत नाही, आणि ते जेवणाशी न खाता जेवणानंतर मिठाई म्हणून खातात. हे वाचून दाखवताना तुमचे दादा बराच वेळ हसत होते.

आणि मग कंदाहार. कंदाहारच्या पत्रांना अंतच नव्हता. तिथं मेंढीचं दूध, ते म्हणे इतकं दाट की बोटावर राहतं. त्याचं दही फडक्यात टांगायचं, पाणी निथळलं की मीठ घालून चक्का खायचा. उरलेल्याच्या गोळ्या वळून उन्हात वाळवायच्या. त्या दगडासारख्या होतात, आणि थंडीत बर्फ पडला की कोमट पाण्यात कालवून मटणावर ओतायच्या. मटणावर दही हे सासूबाईंना काही पटलं नाही. पण पत्राचा शेवट ठरलेला असायचा. आपल्या पोशीरचं दही हे दहीच नव्हे, म्हशीनं पाय धुतलेलं पाणी ते.

हे वाचताना तुमचे दादा अडखळायचे. आधीच तुमचं अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं, त्यात ते 'म्हशीनं' पाशी थांबायचे, घसा साफ करायचे आणि पुढचं गिळून टाकायचे. त्यांनी काय गिळलं ते मला कळायला हवं होतं. म्हणून मी अक्षरं शिकले. तुमच्या दादांनीच शिकवली, पडवीत, सासूबाई गोठ्यात असताना. या गावात माझ्या वयाची दुसरी कोणती बाई वाचते, दाखवा. तेव्हा हे तुमचे उपकार आहेत, आणि ते मी मानते. तुम्ही आमच्या दह्याला इतकं घालूनपाडून बोलला नसतात, तर मी आज हे लिहू शकले नसते.

तुम्ही परत आलात ते नेरळला गाडीतून उतरून, बैलगाडीत आडवे पडून. एक पाय खेचराच्या लाथेनं कायमचा वाकलेला, हातात काठी. बायको तर तुम्ही हबसाणात असतानाच तापात गेली होती. तेरा वर्षांची फौज आणि घरी आणलं काय, तर एक पेटी आणि पेटीत एक पत्र्याचा डबा. सगळे आत येऊन बसले तेव्हा तुम्ही तो डबा उघडून माझ्या हातात दिलात. आत पिवळी पडलेली, कडक झालेली फडक्याची घडी होती. कंदाहारच्या दह्यात भिजवून वाळवलेलं फडकं. कोमट दुधात बुडवलं की विरजण जागं होतं, असं तुम्ही मला समजावून सांगितलंत. मला, जिने तोवर तुमच्या घरी तेरा वर्षं रोज दही लावलं होतं.

सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "कुनाच्या हातचं, कुनाच्या भांड्यातलं. माज्या चुलीपाशी आनायचं नाय." तुम्ही म्हणालात, चुलीपाशी नको तर पडवीत लावू. तेव्हापासून या घरात दोन मडकी झाली. एक आत, चुलीच्या उबेला. एक बाहेर पडवीत, भाताच्या तुसात पुरून ठेवलेलं.

आता जे तुम्हाला कधी सांगितलं नाही ते सांगते.

तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी अख्ख्या आळीला दही चाखायला बोलावलं होतंत. मी तुमच्या सांगण्याप्रमाणे फडकं दुधात बुडवलं. त्या घडीला तुमच्या तंबाखूचा वास होता, खेचरांच्या पायाला लावायच्या तेलाचा होता, आणखी कशाकशाचा होता देव जाणे. सकाळी मडक्यावरचं झाकण काढलं तर वर हिरवट पाणी, खाली चोथा, आणि वास असा की मी तोंडाला पदर लावला. ते मी परसात करंजाच्या बुंध्याशी ओतून आले. फडकंही धुऊन पाहिलं, पण त्यात काही राम उरला नव्हता.

तुम्ही अंगणात बसला होतात. गडी कडेनं जाता-येता 'काय लंगडे जमादार' म्हणून हाक मारत होते आणि तुम्ही हसून त्यांना दुपारचं आमंत्रण देत होतात. तुमच्याकडे दाखवायला दुसरं काही नव्हतं. मला तुमची दया आली. हे मी कोणालाच सांगितलं नाही, कारण एकदा दया आली की त्या माणसावर मनासारखं चिडता येत नाही, आणि मला तुमच्यावर चिडायचं सोडायचं नव्हतं.

आतल्या मडक्यात पहाटे लागलेलं दही होतं. ते विरजण माझ्या आईचं. मी नांदायला आले तेव्हा माहेराहून, चौक गावाहून, लोटीत घालून आईनं दिलेलं, वर केळीचं पान बांधून. बैलगाडीत मी ते मांडीवर धरून बसले होते. त्यातलंच निम्मं दही मी फडक्यात बांधून आढ्याला टांगलं, खाली परात ठेवली. दुपारपर्यंत पाणी निथळलं. चिमूटभर मीठ घातलं, आणि ते पडवीतल्या मडक्यात थापून ठेवलं.

तुम्ही सगळ्यांसमोर पहिला घास घेतलात आणि डोळे मिटलेत. मी दाराआड उभी होते. मग तुम्ही डोळे उघडून म्हणालात, "ह्येला म्हनत्यात दही. आमच्या घरात लावतात ती निस्ती पांढरी निवळ." सगळ्यांनी माना हलवल्या. नेरळच्या पलीकडे कधी पाऊल न टाकलेल्या माणसांनी सांगितलं की हो, हे कंदाहारचंच. आणि त्या घटकेला माझी दया संपली.

पुढे रोज तेच. मी एकाच विरजणाने दोन मडकी लावायची. बाहेरच्यासाठी दूध जास्त आटवायचं आणि दही टांगायचं, आतल्याचं ताक करायचं. तुम्ही बाहेरचं खाऊन आतल्याला नाक मुरडायचात, सासूबाई आतलं खाऊन बाहेरच्याकडे बघायच्याही नाहीत. दोन्ही मडकी सख्ख्या बहिणी, आणि मायलेक दोघं त्यांच्यावरून सतरा वर्षं भांडलात. मी मधे उभी राहून दोघांच्या अकलेची कीव करत राहिले. देशोदेशीच्या दह्यात फरक असतो, हे मी नाकारत नाही. मेंढीचं दूध वेगळं, म्हशीचं वेगळं. पावसाळ्यात ओलं गवत खाल्लेल्या म्हशीचं पातळ, उन्हाळ्यात पेंढ्यावरच्या म्हशीचं दाट. कोणी टांगतं, कोणी आटवतं, कोणी धुरी देतं. हे सगळं तुम्हीच डोळ्यांनी पाहून, स्वच्छ लिहून कळवलं होतंत. पण स्वतःच्या जिभेवर काय ठेवलंय ते तुम्हाला कळलं नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते तुमच्याइतकं कोणी खरं करून दाखवलं नसेल.

आळीतल्या बायका विरजण मागायला येऊ लागल्या. दिवेलागणीनंतर विरजण देऊ नये म्हणून तुम्ही मला दुपारीच वाट्या भरून ठेवायला लावायचात, आणि देताना स्वतः पडवीत बसून कंदाहारचं व्याख्यान द्यायचात. दूध कसं आटवायचं, किती वेळ टांगायचं हे मी आतून सांगायची. थोड्याच वर्षांत या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक घरात 'कंदाहारी' लागू लागलं. माझ्या आईचं विरजण घरोघर गेलं, आणि तुमचं नाव घेऊन गेलं.

तरी मी काही बोलले नसते. पण तुम्ही माझ्या आईशी जे केलंत, त्याचा राग माझ्या मनातून जात नाही. आई भेटायला आली होती, थकलेली, चौकहून इथवर येणं म्हणजे तिच्या गुडघ्यांना शिक्षा. तुम्ही तिच्यापुढे वाटी ठेवलीत आणि म्हणालात, मावशी, तुमच्या चौकाला असं दही जन्मात लागायचं नाही. आईनं बोटानं थोडं घेतलं. आपलं मूल शंभर पोरांत रडलं तरी ओळखू येतं, तसं तिनं ते ओळखलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग ती तुम्हाला म्हणाली, "चांगलं हाय, पावनं. कंदाहारच्या बायांच्या हाताला गुन हाय."

तुम्ही खूश झालात. जाताना तुम्ही तिला तिचंच विरजण द्रोणात बांधून दिलंत, आणि ती ते घेऊन गेली. पुढच्या थंडीत ती गेली. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. तुमची अब्रू राखली आणि आईची घालवली, हा हिशेब मला अजून झोंबतो.

एकदाच आपण दोघं एका बाजूला होतो. माथेरानच्या घोड्यांवर तुम्ही देखरेखीला होतात तेव्हा कुठल्याशा बंगल्यातल्या मडमेला तुम्ही मोठ्या हौसेनं कंदाहारीचं मडकं नेऊन दिलंत. तिनं हुंगलं, बटलरला विचारलं की दूध नासलंय का, आणि मडकं कुत्र्यापुढे ठेवायला सांगितलं. तुम्ही घरी येऊन जेवला नाहीत. ज्यांच्यासाठी माझा पाय गेला त्यांना दही म्हणजे काय ते ठाऊक नाही, असं म्हणत बसलात. मीही त्या दिवशी त्या बाईला मनसोक्त शिव्या घातल्या. तुम्हाला वाटलं मी तुमच्या बाजूनं बोलते आहे. मी माझ्या आईच्या बाजूनं बोलत होते, पण तुम्ही पान न शिवता बसलात ते पाहून थोडं तुमच्याही बाजूनं बोलले.

मी ठरवलं होतं की पुढच्या मोठ्या भांडणात सांगून टाकायचं. भांडणं तर दर आठवड्याला व्हायची. पण दर वेळी वाटायचं, हे त्या मानानं लहान आहे, याच्यावर ते खर्चायला नको. असं करता करता तुम्हाला ताप आला. तिसऱ्या दिवशी तुम्ही दही मागितलंत. वैद्यानं तापात दही वर्ज्य सांगितलं होतं, म्हणून मी पेज पुढे केली. तुम्ही म्हणालात, कंदाहारला तापात दही देतात.

मी म्हणाले, "मंग जावा कंदाहारला."

त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. रागानं बोलला नाहीत की बोलण्याची ताकद राहिली नव्हती, हे मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. वैद्याला मी विचारलं, दोन बोटं दही दिलं असतं तर काय झालं असतं? तो म्हणाला, काही झालं नसतं, तसंही जायचेच होते. अशा माणसाला वैद्य म्हणायचं.

तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. सतरा वर्षं ज्याच्याकडे त्यांनी पाहिलं नव्हतं त्या मडक्यातलं दही त्यांनी मागितलं. माज्या लेकाचं दही दे, म्हणाल्या. तुम्ही आजारी पडायच्या आदल्या दिवशी लावलेलं थोडं तळाशी होतं, ते मी वाटीत दिलं. त्यांनी चाटलं, बराच वेळ तोंडात घोळवलं. मग वाटी खाली ठेवून म्हणाल्या, "आपल्या दह्याची गोडी याला नाय गं." आणि पदर डोळ्यांना लावून बसल्या. मी त्यांनाही काही सांगितलं नाही.

सुतकात विरजण लावायचं नाही, ही घरची रीत. दूध वासरांनी प्यायलं. तेरा दिवसांनी पाहिलं तर दोन्ही मडक्यांवर बुरशी धरली होती. आईनं दिलेलं विरजण माझ्या हातून संपलं. मडकी मी घासून उन्हात पालथी घातली आणि आज दुपारी वाटी घेऊन शेजारच्या सखूकडे गेले. तिनं वाटी हातात घेतली आणि विचारलं, कंदाहारीच देऊ ना? जमादारांची आठवण राहील तेवढी.

तेव्हा मी सांगितलं. तुम्ही गेला होतात, आई गेली होती, अब्रू राखायला कोणी उरलं नव्हतं. मी म्हणाले, "सखू, ह्ये दही कंदाहारचं कदी नव्हतंच. चौकचं हाय. माज्या आईचं." आणि मी दार धरून उभी राहिले. एवढ्या वर्षांचं बोलणं बाहेर पडलं होतं, आता काय होईल ते होवो असं मनाशी म्हणत होते.

सखूनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बस जरा, वैनी. चौदा दिस झालं, धड जेवली नायस तू. चौकचं दही आमी खाल्लं नाय व्हय? त्याला कुठं अशी चव." मग तिनं वाटी भरली, वर पान झाकलं आणि मला दारापर्यंत सोडायला आली.

तिनं माझं खोटं ठरवलं नाही, खरंही मानलं नाही. दुःखानं बडबडते आहे असं समजून सोडून दिलं. तुम्ही असता तर काठी आपटत अंगणात आला असतात. मेंढ्या काढल्या असत्यात, बर्फ काढला असतात, चौकच्या माझ्या सात पिढ्यांचं ताक काढलं असतंत, आणि मी आईचं नाव घेऊन तुम्हाला एकेक उत्तर दिलं असतं. आळी गोळा झाली असती. दोन दिवस तुम्ही माझ्या हातचं जेवला नसतात. तुम्ही ते शेवटपर्यंत मानलं नसतंत हे मला माहीत आहे, आणि तरी मला ते तुम्हालाच सांगायचं होतं. आज मी सगळं खरं बोलले, भावोजी, आणि कोणाला रागसुद्धा आला नाही.